अठ्ठेचाळीस खांबांचा अंधार

उजेड काय, कोणीही पाडतो. खटका दाबला की झालं! अंधार पाडायला मात्र अक्कल लागते, आणि ती अक्कल आख्ख्या गावात फक्त माझ्याकडे आहे, असं मी भर बैठकीत टेबलावर हात आपटून सांगितलं होतं. साहेबांचा चहा सांडला, पण मुद्दा पोहोचला.

मी नगरपालिकेच्या दिवाबत्ती विभागात सव्वीस वर्षं आहे. ऑफिसात मला सगळे 'ट्यूबलाइट' म्हणतात. माझ्या मते ते खात्यामुळे. बायकोचं मत वेगळं आहे.

तर झालं असं, की आमच्या गावाच्या टोकाला एक टेकडी आहे. तिथून तारे फार छान दिसतात म्हणे. एके दिवशी वरून कागद आला, की टेकडी आणि तिच्या पायथ्याची वस्ती हे 'अंधार राखीव क्षेत्र' म्हणून जाहीर होत आहे. जंगल राखीव असतं, डब्यातली सीट राखीव असते, हे ठाऊक होतं. पण अंधार राखून ठेवायचा, हे आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो. शिवाय घोषणा तात्पुरती होती. तपासणीच्या बाई येणार, मीटरचं तोंड आकाशाकडे करून ठेवणार, आणि मीटरवर एकवीसच्या वर आकडा आला तरच पक्का शिक्का बसणार. आकडा जितका मोठा तितका अंधार जास्त. आमचा आकडा तेव्हा अठरा होता.

"तीन महिन्यांत करून दाखवतो," मी म्हणालो.

"आणि नाही झालं तर?" साहेब रुमालाने फायली पुसत म्हणाले. "गटार खात्याचे प्रमुख पुढच्या महिन्यात निवृत्त होतायत. त्या खुर्चीवर बसायला कोणी तयार नाही. तिघांनी तर डॉक्टरचे दाखले आणलेत. बघा बुवा, आकडा नाही आला तर ती खुर्ची तुमची."

गटाराचं नाव काढलं तरी मला मळमळतं. आमच्या बाथरूमच्या जाळीत केस अडकले तर ती जाळी बायको साफ करते आणि मी तोवर गच्चीवर जाऊन उभा राहतो. पण आता हात आपटून झाला होता आणि चहाही सांडून झाला होता.

पहिला अडथळा वस्तीतल्या लोकांचा. शाळेच्या हॉलमध्ये सभा घेतली. नर्सबाई उभ्या राहिल्या. त्या गावच्या दवाखान्यात काम करतात, आणि त्यांच्यासमोर भलेभले बाह्या वर करून गप उभे राहतात.

"मी ड्युटी संपवून अंधार पडल्यावर घरी येते," त्या म्हणाल्या. "मला पायाखालचं दिसलं पाहिजे. तुमचे तारे माझ्या पायाखाली येत नाहीत."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या बायकोनेही.

मी मात्र गालातल्या गालात हसलो, कारण माझ्याकडे हुकमी पत्ता होता. सेन्सरचे दिवे! खाली कोणी नसेल तर दिवा बंद. माणूस आला की चालू, आणि हालचाल थांबली की दोन मिनिटांत पुन्हा बंद. वर टोपी, म्हणजे उजेड फक्त रस्त्यावर पडणार. नर्सबाईंना पायाखालचं दिसेल आणि ताऱ्यांना आम्ही दिसणार नाही. सभेने माना डोलावल्या. नर्सबाई म्हणाल्या, "बघू." त्यांच्या तोंडून हे म्हणजे आशीर्वादच.

महिनाभर राबून मी टेकडीच्या रस्त्यापासून शाळेच्या मैदानापर्यंत अठ्ठेचाळीस खांबांवर दिवे बसवले. टोप्या स्वतःच्या हाताने रंगवल्या. मग चाचणीसाठी सासऱ्यांना बोलावलं आणि तिथेच घात झाला.

सासरे निवृत्त पोस्टमन. आयुष्यभर इतके चालले, की आता उरलेली पावलं काटकसरीने टाकतात. ते पहिल्या खांबाखालून गेले. दिवा लागला नाही. दुसऱ्या खांबाखालून गेले, तरी नाही. तिसऱ्या खांबाखाली ते थांबले आणि वर बघून मुलीला म्हणाले, "तुझ्या नवऱ्याच्या दिव्यालासुद्धा मी दिसत नाही."

बायकोने माझ्याकडे जे बघितलं, ते मी इथे लिहीत नाही.

प्रत्येक सेन्सरला एक बारीक पेच असतो. तो फिरवला की सेन्सरची नजर तीक्ष्ण होते. माहितीपत्रकात लिहिलं होतं, 'पेच मध्यावर ठेवावा.' पण माहितीपत्रक लिहिणाऱ्याला सासरे नसावेत. मी अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस पेच शेवटपर्यंत पिळले. सासरे पुन्हा चालले. या वेळी त्यांनी नुसती काठी उचलली तरी पुढचे दोन खांब उजळले. सासरे खूश, बायको खूश, आणि मी तर काय, हवेतच होतो.

तपासणीचा दिवस उजाडला. थंडीचे दिवस, त्यामुळे सातलाच काळोख झाला होता. तपासणीच्या बाई बारीक अंगाच्या, शांत, हातात काड्यापेटीहून थोडा मोठा मीटर. त्यांनी तो मैदानाच्या मधोमध तीन पायांच्या स्टँडवर बसवला आणि वळून बघितलं.

वळून बघितलं, तर समोर दोनशे माणसं! साहेबांनी परस्पर दवंडी पिटली होती, की गावाचा पाठिंबा दिसला पाहिजे, घरटी एक तरी माणूस हवा. घरोघरची चार-चार आली होती. कोणी हात हलवत होतं, कोणी पोरांना आवरत होतं. पिळलेले सेन्सर डोळे फाडून सगळ्यांकडे बघत होते आणि मैदानाभोवतीचे झाडून सगळे दिवे लखलखत होते. लग्नाच्या मांडवातही इतका उजेड नसतो.

मीटरवर आकडा आला साडेसोळा.

"पूर्वी अठरा होता ना?" बाईंनी वही चाळत विचारलं.

साहेब माझ्याकडे बघून फक्त एकच शब्द म्हणाले, "खुर्ची."

"एक मिनिट!" मी म्हणालो. "मी मेन स्विच बंद करतो."

"नाही चालणार," बाई शांतपणे म्हणाल्या. "फ्यूज काढून केलेला अंधार आम्ही धरत नाही. दिवे गेले की तसा अंधार सगळ्यांकडेच होतो. तुमची व्यवस्था चालू असताना सलग पंधरा मिनिटं काळोख पाहिजे. आणि आठ दहाला चंद्र उगवतोय. त्यानंतर मोजमाप होत नाही. आज राहिलं तर मग पुढच्या वर्षी."

लोकांना घरी पाठवावं, तर दोनशे माणसं चपला शोधून, निरोप घेऊन, निघता निघता आठवलेलं बोलून घरी पोचेपर्यंत चंद्र डोक्यावर आला असता. मी घामाघूम झालो. आणि तेवढ्यात पुढे एक लहान मुलगी दुसरीला म्हणाली, "स्टॅच्यू!" दुसरी एका पायावर उभी राहिली ती राहिलीच.

माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि खरं सांगायचं तर थोडा उशिराच. मी साहेबांच्या हातातला माइक ओढला.

"नागरिकहो! जो जिथे आहे, जसा आहे, तसाच उभा राहा. हलू नका! बोला, पण हलू नका. सगळ्या गावाला स्टॅच्यू!"

लोकांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग आहे. सगळं मैदान जागच्या जागी थिजलं. साहेब भाषणाला सुरुवात करण्याच्या बेतात होते, त्यामुळे त्यांचा उजवा हात वर राहिला. दोन मिनिटं गेली. पलीकडचा एक दिवा विझला. मग त्याच्या शेजारचा. मग एकदम पाच-सहा. माझा ऊर भरून आला. आणि फट्!

साहेबांच्या मानेवर डास बसला होता. साहेबांनी वर केलेला हात खाली आणून तो मारला. दिवा लागला. कोण हललं ते बघायला दोनशे जणांनी मान वळवली आणि मैदान पुन्हा लख्ख झालं.

"साहेब, डास महत्त्वाचा की गाव?" गर्दीतून कोणीतरी विचारलं. दिवसा कोणाची हिंमत झाली नसती.

पुन्हा स्टॅच्यू. या वेळी साहेब हात खिशात घालून उभे राहिले. सगळे दिवे विझले, फक्त शाळेच्या फाटकाजवळचा एक सोडून. तो काही केल्या विझेना. बघितलं तर त्याच्याभोवती एक पतंग घिरट्या घालत होता. दिवा लागलाय म्हणून पतंग येत होता आणि पतंग आलाय म्हणून दिवा लागत होता. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते.

"शिडी!" मी बायकोला म्हणालो. बायकोने फाटकाशी शिडी धरली आणि मी सरसर वर चढलो. पतंगाला हाकलायला उजवा हात उगारला, तोल जाऊ नये म्हणून डावा पाय मागे उचलला, आणि त्या क्षणी माझ्या लक्षात आलं, की आता या सेन्सरच्या नजरेत सगळ्यात मोठा किडा मीच आहे. हाताच्या वाऱ्याने पतंग बाजूला उडाला होता, पण मी उतरायला लागलो तर दिवा चालूच राहणार. मी हललोच नाही, तरच विझणार.

मी तसाच राहिलो. हात वर, पाय मागे. दोन मिनिटांनी दिवा विझला. पतंगाला बसायला जागा उरली नाही, म्हणून तो माझ्या नाकावर येऊन बसला.

"सुरू," बाईंचा आवाज आला. सात अठ्ठेचाळीस झाले होते.

आता पंधरा मिनिटं गप उभं राहायचं, एवढंच. पण मी एक गोष्ट विसरलो होतो. बोलण्याला सेन्सर नव्हता. आणि शिडी बायकोने धरली होती.

"सापडलात," ती खालून म्हणाली.

लग्नाला बावीस वर्षं झाली. बावीस वर्षांत मी कुठल्याही विषयावर दोन मिनिटांहून जास्त सापडलेलो नाही. मी उठतो, पाणी पितो, 'खांबावर फॉल्ट आहे' म्हणून निघून जातो. आता पाणी नव्हतं आणि खांबावर मी आधीच होतो.

"कपाटाचं दार अकरा वर्षं लटकतंय," तिने सुरुवात केली. "उद्या बसवतो म्हणालात. बहिणीकडे जाताना मला स्टँडवर उभं करून दिवा बघायला गेलात, ते तीन तासांनी उगवलात. आणि सगळ्या गावाला दिवे लावलेत हो, पण आपल्या जिन्यातला बल्ब तीन महिने गेलाय. बाबा रोज चाचपडत उतरतात."

रात्र शांत होती. एक अन् एक शब्द मैदानाच्या टोकापर्यंत पोहोचत होता.

"खरंय हो वहिनी," अंधारातून कोणीतरी म्हणालं. "चूक आहे त्यांची."

मला होकारार्थी मानही हलवता येत नव्हती. पतंग नाकावरून चालत भुवईपर्यंत जाऊन आला.

तेवढ्यात टेकडीच्या वळणावर एक दिवा लागला. मग त्याच्या पुढचा लागला, मग त्याच्याही पुढचा. अंधारातून कोणीतरी एकेक खांब उजळत आमच्याच दिशेने येत होतं. फटफट ऐकू आली आणि मला घाम फुटला. ती नर्सबाईंची स्कूटर होती! आज त्यांची ड्युटी लांबली होती, आणि त्यांना स्टॅच्यूचा काही पत्ता नव्हता.

"थांबवा त्यांना!" साहेब ओरडले.

पण थांबवायला जाणार कोण? हलायचं नव्हतं ना! शेवटी दोनशे माणसं उभ्या जागेवरून एका सुरात ओरडली, "थांबा! हलू नका!"

स्कूटर करकचून थांबली. नर्सबाईंच्या बाजूने हे कसं दिसत असेल, ते आता कळतं. निर्जन रस्ता, पुढे काळोख, आणि त्या काळोखातून दोनशे दरोडेखोर ओरडतायत.

"कोण आहे रे?" नर्सबाईंचा आवाज आला. "माझ्याकडे रिकामा डबा आहे फक्त. आणि सुया आहेत! जवळ याल तर याद राखा."

"नर्सबाई, मी ट्यूबलाइट!"

"कुठे आहात?"

"खांबावर!"

"का?"

"नंतर सांगतो! आधी गाडीचा दिवा बंद करा, आणि जागच्या हलू नका!"

"म्हणजे या काळोखात एकटी उभी राहू? याच्यासाठीच मी सभेत भांडले होते!"

तेवढ्यात अंधारातून माझे सासरे हळूच म्हणाले, "बाई, एकट्या नाही आहात तुम्ही. आम्ही सगळे इथे आहोत. मी तुमच्या डाव्या हाताला आहे, कुंपणाजवळ."

"आणि मी उजवीकडे," कोणी म्हणालं. "मी फाटकाशी." "आम्ही चौघं पिंपळाखाली." अंधारात एकेक जण आपापला पत्ता सांगत गेला. क्षणभराने खट् आवाज झाला. नर्सबाईंनी स्कूटरचा दिवा बंद केला.

रस्त्यावरचे दिवे विझायला दोन मिनिटं लागली. "पुन्हा पहिल्यापासून," बाई म्हणाल्या. "सात चोपन्न. जेमतेम बसतंय."

शिडीखाली बायकोने श्वास घेतला. "तर मी काय म्हणत होते..."

"बयो," सासरे म्हणाले, "पुरे आता. नुसते डोळे वर करून बघ जरा."

तिने डोळे वर केले. मग आणखी कोणी, मग आणखी कोणी वर बघितलं असावं, कारण सगळं मैदान बोलायचं थांबलं. माझी मान तर वरच अडकली होती. वर तारे होते. सुरुवातीला पाच-पन्नास दिसले. मग डोळे सरावले आणि दोन ताऱ्यांच्या मधल्या काळ्या जागेतही तारे निघाले, आणि त्यांच्यामधून टेकडीच्या पार मागेपर्यंत एक पांढुरका पट्टा. मी लहानपणी पुस्तकात आकाशगंगेचं चित्र बघितलं होतं. ती आमच्या शाळेच्या छपरावर राहते, हे मला माहीत नव्हतं.

"तुला खांद्यावर घेऊन हेच दाखवायचो," सासरे मुलीला म्हणाले. "टपाल वाटून यायला उशीर झाला की तू दारात बसलेली असायचीस. मग दिवे आले आणि आपण वर बघायचंच विसरलो."

"मला आठवतंय, बाबा," ती म्हणाली.

आणि मला खांबावर गहिवरून आलं. सव्वीस वर्षं मी खांबावर चढतोय, पण दिव्याच्या वर काय आहे, हे मी एकदाही बघितलं नव्हतं. डोळ्यांतून पाणी आलं. ते पुसायचंही नव्हतं. पतंगाने ते प्यायलं असावं.

त्या पंधरा मिनिटांत दोनशे माणसांपैकी एकही हललं नाही. मुलं नाहीत, म्हातारे नाहीत, साहेबसुद्धा नाहीत.

"आठ नऊ," बाई म्हणाल्या. मग मीटरवरचा आकडा वाचला. "एकवीस पूर्णांक चार!"

मैदानावर जो काय जल्लोष झाला! लोक उड्या मारू लागले, आणि त्याबरोबर सगळे खांब एका दमात पेटले. मीटर बिचारा परत साडेसोळावर आला, पण आकडा वहीत चढला होता. साहेबांनी खाली उतरलेल्या मला मिठी मारली. पाय आखडल्यामुळे मी ती एका पायावर स्वीकारली. नर्सबाई स्कूटर ढकलत आल्या आणि एवढंच म्हणाल्या, "दिसलं बरं का. पायाखालचंही आणि वरचंही." मग माझ्या नाकावरचा पतंग त्यांनी अलगद चिमटीत धरून सोडून दिला. तपासणीच्या बाई हे सगळं बघून वहीत बराच वेळ काहीतरी लिहीत होत्या.

शिक्का बसला! आता दर महिन्याला एकदा गाव मैदानावर जमतं आणि पंधरा मिनिटं स्टॅच्यू होतं. शेजारच्या गावचे लोक बघायला येतात. मी पेच मध्यावर आणले आहेत, आणि फक्त सासऱ्यांच्या रस्त्यावरचे दोन तेवढे पिळलेले ठेवलेत. सुतार दुसऱ्याच दिवशी न बोलावता आला आणि कपाटाचं दार बसवून गेला. म्हणाला, वहिनींचं ऐकून झोप लागली नाही. जिन्यातला बल्ब मी लावला.

आणि मग साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"बसा," साहेब म्हणाले. सव्वीस वर्षांत ते मला कधी 'बसा' म्हणाले नव्हते. तिथेच माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण मला ट्यूबलाइट उगाच म्हणत नाहीत.

"गेल्या महिन्यात दिव्यांच्या किती तक्रारी आल्या?"

"एकही नाही, साहेब!" मी छाती फुगवली.

"तेच म्हणतोय. तुम्ही काम इतकं चोख केलंत, की दिवाबत्तीत आता काम उरलं नाही. आणि वरून विचारणा आलीय, की गटार खात्यासाठी अनुभवी माणूस आहे का. मी तपासणीचा अहवालच पाठवून दिला. हे बघा काय लिहिलंय बाईंनी." साहेबांनी चष्मा लावला. "'सदर कर्मचारी संपूर्ण अंधारात, अत्यंत अवघडलेल्या स्थितीत, नाकावर किडा बसलेला असतानाही एकवीस मिनिटं जागचा हलला नाही.' सांगा बघू, गटारात उतरायला याहून लायक माणूस मी कुठून आणू? बढती आहे हो! अभिनंदन!"

घरी आलो तेव्हा बायको बाथरूमची जाळी साफ करत होती. मी दाराबाहेरूनच बातमी सांगितली. ती उठली, जाळी माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली, "घ्या, सराव करा. मला माहीतच होतं, तुम्ही काहीतरी उजेड पाडणार."